माहेरच्या खिडक्या, सासरचं ऊन

मैत्रिणींनो, लग्न होऊन सासरी आल्यावर माझी पहिली फजिती कशावरून झाली असेल, ओळखा पाहू! पोळी करपली म्हणून नाही, की आमटीत मीठ जास्त झालं म्हणूनही नाही. खिडक्या उघडल्या म्हणून झाली!

माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं आणि सासर अकोल्याचं. लग्न झालं २०१२ च्या एप्रिलमध्ये. पूजा, गोंधळ आटोपला, पाहुणे पांगले आणि एका दुपारी जेवणं झाल्यावर मी मोठ्या उत्साहानं घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. उकडत होतं ना! आमच्याकडे उकडायला लागलं की पहिली खिडकी उघडायची, मग पंख्याचं बटण शोधायचं. पाच मिनिटांत घरात अशा झळा शिरल्या की कोपऱ्यातल्या माठावर टाकलेलं ओलं फडकंसुद्धा सुकलं. सासूबाई आतून धावत आल्या. “अवं सूनबाई, झळा घरात कायले बलावून राह्यली?” असं म्हणत त्यांनी स्वतःच्या हातानं एकेक खिडकी लावून घेतली. मी मनात म्हटलं, काय हे घर! दिवसाढवळ्या अंधार करून बसायचं!

त्या दुपारी मला वाटलं होतं, ही नुसती सवयीची गोष्ट आहे. ती सवयीची नव्हती, हवेची होती. हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली. गंमत म्हणजे मी बी. ए. भूगोल घेऊन झालेली! शाळेत अर्धवेळ शिकवते, मुलांना सूर्याचं भासमान भ्रमण समजावून सांगते. पण तोच सूर्य माझ्या स्वयंपाकघरात कुठून शिरतो, हे पाहायचं काही मला सुचलं नव्हतं.

दोन घरं, दोन शहाणपणं

आधी माहेरच्या घराचं सांगते. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि हवा बाराही महिने दमट. त्यामुळे तिथल्या घराला दोनच मोठ्या काळज्या : पाणी अंगावरून झटकायचं आणि वारा खेळता ठेवायचा. म्हणून छप्पर चांगलं उतरतं, त्यावर कौलं आणि वळचण भिंतीच्या पुष्कळ बाहेर आलेली, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात. भिंती जांभ्याच्या. हा दगड त्याच मातीतून चिऱ्यांच्या रूपात कापून निघतो, वाऱ्याउन्हात आणखी टणक होतो, आणि रंगानं त्या तांबड्या मातीशी इतका मिळून जातो की लांबून पाहिलं तर घर जमिनीतूनच उगवल्यासारखं वाटतं. पुढं ओटी, बाजूला पडवी, पावसाळ्याआधी झड अडवायला बांधलेल्या झावळ्या. खिडक्या, दारं समोरासमोर. घामावर वारा लागला की बरं वाटतं, एवढं साधं गणित.

आता सासरचं जुनं घर. अकोल्याला पाऊस कोकणाच्या पावपट. पण मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो आणि हवा अगदी कोरडी. दिवसा आग, रात्री त्या मानानं उतार. इथं वारा घरात घेऊन उपयोग नाही, कारण दुपारचा वाराच तापलेला असतो. इथं घराचं काम म्हणजे दिवसाची आग बाहेर थोपवायची. म्हणून भिंती दीड-दीड, दोन-दोन फूट रुंद आणि मातीच्या. वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, म्हणजे माळवद. खिडक्या लहान आणि मोजक्या. मध्ये चौक. अशा जाड भिंतीला बाहेरून लागलेली दुपारची ऊब आत पोचायला दहा-बारा तास लागतात. तोवर रात्र उलटलेली असते, चौकातून गारवा उतरलेला असतो, माणसं अंगणात नाही तर माळवदावर बाजा टाकून निजलेली असतात. सकाळी ऊन चढायच्या आत पुन्हा दारं-खिडक्या बंद. सासूबाई दुपारी खिडक्या लावायच्या त्यामागं हे सगळं शास्त्र होतं. त्यांनी ते पुस्तकातून शिकलं नव्हतं, त्यांच्या सासूबाईंकडून शिकलं होतं.

म्हणजे बघा, माहेरचं घर माहेरी शहाणं आणि सासरचं सासरी. एकीचं शहाणपण दुसरीकडे नेऊन लावलं की ते वेडेपण होतं. कूलरचंच घ्या ना. आमच्याकडे अकोल्याला कूलर म्हणजे वरदान, कारण कोरडी हवा पाणी पिते आणि गार होते. तोच कूलर भावानं हौसेनं रत्नागिरीला घेतला, तर घर गार व्हायच्या ऐवजी पापड सादळले!

स्लॅबच्या खोल्या

या जुन्या घराची एक बाजू मात्र खरी होती. ते गळायचं. दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर माती टाकायची, चोपायची, आणि तरी श्रावणात ताटल्या, पातेली मांडायची. ते काम करणारी माणसंही मिळेनाशी झाली. शेवटी २०१४ साली मागच्या दोन खोल्या पाडून तिथं स्लॅबचं स्वयंपाकघर आणि एक निजायची खोली बांधली. टाइल्स, ग्रॅनाइटचा ओटा, मोठ्ठी काचेची खिडकी! माझा आनंद गगनात मावेना. शेजारच्या वहिनी खास ओटा बघायला आल्या.

त्या आनंदाला पहिल्याच उन्हाळ्यात चटका बसला. ती मोठी खिडकी होती पश्चिमेला. दुपारी तीन वाजले की ऊन सरळ ओट्यावर. वर चार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर तापायचा आणि संध्याकाळी, बरोबर स्वयंपाकाच्या वेळेला, ती सगळी उष्णता खाली सोडायला लागायचा. जाड मातीला दहा-बारा तास लागतात, तिथं स्लॅबला तीन-चार तास पुरतात. रात्री बारालासुद्धा भिंतीला हात लावला तर तवा विझवून ठेवल्यासारखी ऊब.

२०१६ च्या मे महिन्यात एका संध्याकाळी शाळेच्या निकालाच्या कामामुळे मला यायला उशीर झाला. सासूबाईंनी पोळ्या करायला घेतल्या आणि ओट्यापाशीच चक्कर येऊन पडल्या. अंग भाजत होतं आणि घाम मुळीच नव्हता. डॉक्टर म्हणाले, “वेळेवर आणलंत. आणखी तासभर गेला असता तर कठीण होतं.” चार दिवस त्या दवाखान्यात होत्या. उष्माघात उन्हात फिरणाऱ्यांना होतो असं मी समजत होते. तो चार भिंतींच्या आत, आपल्याच स्वयंपाकघरात होऊ शकतो, हे त्या दिवशी समजलं. त्यांच्या उशाशी बसले असताना माझ्या मनात एकच विचार होता : ज्या खोलीत आपण बायका दिवसातले सहा-सात तास काढतो, ती खोली ठरवताना आपल्याला कुणी काही विचारलं होतं का? आणि विचारलं असतं, तरी मला काय सांगता आलं असतं?

प्लॅनवर एक बाईमाणूस

पुढं गावाबाहेर घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर बांधायचं ठरलं. कंत्राटदारांनी प्लॅन आणला. शेजारच्या तीन घरांचा जो प्लॅन होता तोच, नाव तेवढं आमचं. स्वयंपाकघर नैऋत्येला, दिवाणखान्याला पश्चिमेची भिंतभर काच, आणि कोपऱ्यातलं जुनं कडुलिंबाचं झाड ‘गाडीला अडचण’ म्हणून तोडायचं. मी म्हटलं, सही करू नका, मला आठ दिवस द्या.

आमच्या यांना वाटलं, मी माहेरी विचारणार. पण मी एक वही घेतली आणि रोज तीन वेळा प्लॉटवर जाऊन उभी राहिले. सकाळी नऊला, दुपारी चारला आणि रात्री जेवणानंतर. सावली कुठं पडते, वारा कुठून येतो, लिंबाची सावली चारला कुठवर पोचते, पाणी कोणत्या बाजूला उतरत असेल, एवढंच लिहून काढलं. जे शाळेत फळ्यावर काढत होते तेच जमिनीवर बघितलं. आपल्याकडे मे महिन्याच्या अखेरीस दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. म्हणजे उन्हाळ्यात सर्वांत जास्त तापतं ते छप्पर आणि त्याखालोखाल पूर्व-पश्चिमेच्या भिंती. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला तर उन्हाळ्याचं ऊन आत येत नाही. उलट डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो, दुपारी बारालासुद्धा क्षितिजापासून साधारण ४६ अंशांवरच असतो, तेव्हा तेच कोवळं ऊन छज्ज्याखालून घरात येतं. पश्चिमेचं तसं नाही. संध्याकाळचं ऊन आडवं येतं. त्याला छज्जा काय करणार?

ही वही मी यांच्यापुढं ठेवली. हे म्हणाले, “कंत्राटदार हसेल.” तो हसलाच! म्हणाला, “ताई, आता एसी निघालेत.” मी विचारलं, “आणि लाइट गेली की?” तेव्हा मात्र हसायचा थांबला. आमच्याकडे ऐन दुपारी लाइट जाते हे त्यालाही ठाऊक होतंच की! अखेर सासूबाई म्हणाल्या, “पोरीचं आयका. सैपाकखोलीत मी पडली होती, तुम्ही नाही.” त्यापुढं कुणी बोललं नाही.

मग जे केलं ते असं. घर लांबट ठेवलं, लांब बाजू उत्तर-दक्षिणेला. पश्चिमेला जिना, न्हाणीघर आणि कोठीची खोली, म्हणजे ऊन पहिल्यांदा त्यांच्यावर येऊन थकतं. स्वयंपाकघर आग्नेयेला. जुन्या लोकांनी ते तिथं का सांगितलं असावं, ते रोज सकाळी दिसतं : कामाच्या वेळी सकाळचं ऊन मिळतं, ओटा कोरडा राहतो आणि दुपारचा ताप लागत नाही. छताजवळ झरोके ठेवले, कारण गरम हवा वर चढते आणि तिला निघून जायला वाट लागते.

पश्चिमेची भिंत तेवढी पोकळ बांधली. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या आणि मधोमध पोकळी सोडायची. त्यात विटाही जवळजवळ पावपट कमी लागतात. आमच्या गवंड्यानं आधी मान हलवली. तीन फूट भिंत नमुन्यादाखल बांधून, वर स्वतः उभा राहून पाहिल्यावर मग त्याची खात्री पटली.

आमच्याकडची जमीन काळी. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला की दोन वर्षांत भिंतींना तडे पडलेच म्हणून समजा. म्हणून खाली मुरूम लागेपर्यंत खणलं आणि जोत्याला काँक्रीटचा पट्टा फिरवला. खर्च वाढला, पण ही काटकसर करण्याची जागाच नव्हे. पुढं दोन पैसे कमी पडले तेव्हा मी दिवाणखान्याचं खोटं छत गाळलं.

गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर फुटक्या पांढऱ्या टाइल्स बसवल्या. पांढरा रंग ऊन परतवतो. आणि पाणी! आमच्याकडे नळाला काही रोज पाणी नसतं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ७५० मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी होतं, सांगा पाहू? जवळजवळ ७० हजार लिटर! ते गटारात सोडायचं आणि मेमध्ये टँकर मागवायचा, याला काय म्हणावं? आता ते गाळून टाकीत येतं आणि उरलेलं बोअरच्या शेजारच्या खड्ड्यात मुरतं.

कडुलिंब राहिला. शहरांतली झाडं राखण्यासाठी महाराष्ट्रात १९७५ सालापासून कायदा आहे, परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, हेही मी कंत्राटदारांना वाचून दाखवलं. लिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो आणि उन्हाची खरी वेळ येते तेव्हा नव्या पालवीनं भरून उभा असतो. नवीन झाड लावायचं असेल तरी असाच विचार करा. बहावा दिसायला किती देखणा! पण ऐन उन्हाळ्यात फुलतो तेव्हा अंगावर पानं फारशी नसतात. पश्चिमेच्या सावलीसाठी लिंब, करंज बरे. वड, पिंपळ, उंबर मात्र भिंतीपासून लांबच असू द्या, त्यांची मुळं घर मागतात.

माझीही एक चूक

सगळं माझंच बरोबर होतं असं समजू नका हं! माझा जीव अडकला होता माहेरच्या ओटीत. पुढच्या बाजूला उतरतं कौलारू छप्पर हवंच, म्हणून मी हट्ट धरला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “कवेलू इथं टिकत नाही, बाई.” मी ऐकलं नाही. २०१९ च्या दसऱ्याला वास्तुशांत झाली आणि दिवाळीच्या फराळाच्या वासानं वानरांची टोळी आली. काळतोंडी, लांब शेपटीची दहा-बारा वानरं! लिंबावरून उडी कौलांवर, कौलांवरून गच्चीवर. दोन दिवसांत अर्धी कौलं अंगणात. विदर्भातल्या गावांना ही नवलाई नाही, नवी होते मी. आता तिथं लोखंडी मांडव आहे आणि त्यावर मधुमालतीचा वेल सोडलाय. सावली कौलांइतकीच पडते. माहेरची आठवण म्हणून एक कौल मात्र तुळशीपाशी ठेवलंय. इथली हवा मी वहीत लिहिली होती, इथली वानरं लिहायची राहिली होती!

ज्यांनी हे आधी करून दाखवलं

या नादात मी थोडं वाचनही केलं. इंग्लंडमध्ये १९१७ साली जन्मलेले लॉरी बेकर नावाचे वास्तुशिल्पी भारतात आले आणि इथलेच झाले. हिमालयात पिठोरागढला राहताना तिथल्या साध्या घरांपासून ते खूप शिकले आणि पुढं केरळात तिरुअनंतपुरमला त्यांनी आयुष्यभर कमी खर्चाची, वाऱ्या-पावसाला मानवणारी घरं बांधली. विटांच्या जाळीच्या भिंती, वाचवलेली झाडं आणि मी वर सांगितलेली पोकळ भिंत आपल्याकडे त्यांच्यामुळेच गाजली. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००७ साली ते वारले.

दुसरं उदाहरण तर आपल्याला अधिक जवळचं. दीदी काँट्रॅक्टर या अमेरिकेत जन्मलेल्या बाई, भारतीय तरुणाशी लग्न करून इकडे आल्या आणि काही काळ आपल्या नाशिकला एकत्र कुटुंबात राहिल्या. वास्तुशास्त्राची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. उतारवयात त्यांनी हिमाचलात कांगड्याच्या खोऱ्यात माती, बांबू आणि तिथल्याच पाटीच्या दगडाची घरं बांधली. २०१९ साली त्यांचा नारी शक्ती पुरस्कारानं गौरव झाला. २०२१ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर त्या गेल्या. मुलं मोठी झाल्यावर आता आपलं काय उरलं, असं म्हणणाऱ्या प्रत्येकीनं त्यांची आठवण ठेवावी.

जुनं ते सगळंच सोनं नव्हे

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे, लातूर-उस्मानाबाद भागात किल्लारीचा भूकंप झाला. जवळजवळ आठ हजार माणसं गेली. त्यांतली पुष्कळशी आपल्याच घराखाली. दगड नुसत्या मातीत रचलेले, भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला एकत्र बांधणारा आरपार दगड नाही, आणि वर गळती थांबवायला दरवर्षी माती टाकून टाकून जडशीळ झालेलं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारंच छप्पर अंगावर आलं. पिढ्यांचं शहाणपण उन्हापुरतं होतं, भूकंप त्याच्या हिशेबात नव्हता. तेव्हा जुन्या पद्धतीनं बांधायचं झालं तरी जोत्याला, दारा-खिडक्यांच्या वरच्या पातळीला आणि छपराखाली काँक्रीटचा पट्टा, भिंतीत आरपार दगड आणि हलकं छप्पर, यांत तडजोड नको. अभियंत्याला पैसे द्यावे लागतात. द्यावे!

तसंच जमिनीचं. ओढ्याच्या पात्रात भर घालून बांधलेलं घर कितीही सुंदर असो, ओढा आपली जागा विसरत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्यानं ते दाखवून दिलं. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी कुठवर चढलं होतं, ते माझ्या माहेरची माणसं अजून हातानं दाखवतात. प्लॉट स्वस्त मिळतोय म्हटलं की आधी त्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा : इथं पूर्वी काय होतं?

घर बांधून झालंय? तरीही!

तुम्ही म्हणाल, “आमचा तर तिसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक, आम्ही काय करणार?” बरंच काही करता येतं. पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरून बांबूची चटई नाही तर वाळ्याचा पडदा लावा. ऊन काचेच्या आत आलं की मग पडदा लावून फारसा उपयोग नाही, ते बाहेरच अडवायला हवं. कोरड्या हवेच्या गावात सकाळी ऊन चढायच्या आत खिडक्या लावा आणि रात्री बाहेर गार झालं की उघडा. दमट गावात मात्र समोरासमोरच्या खिडक्या दिवसभर मोकळ्या असू द्या, त्यांच्या आड कपाट उभं करू नका. कूलर लावला की खोली कोंडून घेऊ नका, समोरची खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर नुसता ओलावा साठतो.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर गच्चीला मार्च संपायच्या आत चुन्याचे दोन हात द्या. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ वर गेला, पुष्कळ बळी गेले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहरानं उन्हाळ्यासाठी कृती आराखडा केला आणि पुढं वस्त्यांमधली छपरं पांढरी करण्याचं कामही हाती घेतलं. तेव्हा चुन्याला कमी लेखू नका! संध्याकाळी छताला हात लावा, फरक हातालाच कळतो. आणि उन्हाळ्यात स्वयंपाक सकाळी आठाच्या आत उरका. संध्याकाळी थालीपीठ, दहीभात नाही तर सकाळच्याच पोळ्या. घरच्यांनी तोंड वाकडं केलं तर माझ्या सासूबाईंची गोष्ट सांगा.

सही होण्याआधी

ज्यांचं घर अजून कागदावर आहे त्यांनी हे प्रश्न स्वतः विचारावेत. घरातल्या पुरुषांना विचारायला सांगून नव्हे, स्वतः!

दुपारी चारला ऊन कोणत्या खोलीत येईल? तिथं स्वयंपाकघर किंवा म्हाताऱ्या माणसांची खोली तर नाही ना?

वारा आत येईल कुठून आणि बाहेर जाईल कुठून? एकच खिडकी म्हणजे वाऱ्याला बंद गल्ली.

छपराला ऊन परतवायला काय केलंय?

जमीन काळी, मुरमाड की भरावाची? पाया त्याप्रमाणे आहे का?

पावसाचं पाणी कुठं जाईल? आणि शेजाऱ्याच्या दारात तर जाणार नाही ना?

जुनं झाड वाचवता येईल का?

या गावात पन्नास वर्षांपूर्वी घरं कशी होती, आणि तशी का होती? ज्या बायका त्यांत राहिल्या, त्यांच्यापाशी घटकाभर बसा. त्या काही तुम्हाला शास्त्र सांगणार नाहीत. “दुपारी ही खिडकी लावायची” एवढंच सांगतील. त्यामागचं कारण तुम्ही शोधा.

आमच्या घरात अजूनही मे महिन्यात उकडतं. अकोला ते अकोलाच! पण दुपारी लाइट गेली तरी मधल्या खोलीत फरशीवर चटई टाकून मुलं झोपू शकतात आणि संध्याकाळी ओट्यापाशी उभं राहताना मला भीती वाटत नाही. सासूबाई उतरत्या उन्हात लिंबाखाली खुर्ची टाकून भाजी निवडतात. उन्हाळ्याच्या सुटीत माहेरची भाची येते आणि आल्या आल्या “आत्या, किती कोंदट!” म्हणत खिडक्या उघडायला धावते. तेव्हा मीच तिच्या मागं जाऊन एकेक खिडकी लावून घेते. सासूबाई बाहेरून काही बोलत नाहीत, नुसत्या हसतात.